न्यूकॅसल ब्राउन एलच्या मालकांना खुलं पत्र: नाव आमच्या गावाचं आहे

प्रति,
संचालक मंडळ, हायनेकेन
(न्यूकॅसल ब्राउन एल या बिअरचे सध्याचे मालक)

सप्रेम नमस्कार.

२०२७ मध्ये न्यूकॅसल ब्राउन एल शंभर वर्षांची होईल. १९२७ मध्ये ती पहिल्यांदा विकायला आली, तेव्हा इंग्लंडच्या ईशान्येला, आमच्या न्यूकॅसल गावात, टाईन नदीवरचा मोठ्या कमानीचा पूल अजून पुरा व्हायचा होता. तो १९२८ च्या ऑक्टोबरात खुला झाला. म्हणजे या गावाच्या दोन्ही खुणा एकाच वयाच्या. पुलाची शंभरी जवळ आली म्हणून त्याची दुरुस्ती आणि रंगकाम चाललं आहे. बिअरसाठी तसं कोणी काही करताना मला दिसत नाही. ज्या गावाचं नाव तिच्या कपाळावर आहे, त्या गावात २००५ पासून तिचा एक थेंब बनलेला नाही. मी हे पत्र त्यासाठी लिहितो आहे.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या ब्रिटनमधल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवतो आहे. मराठीत लिहायलाही कारण आहे. २००८ मध्ये तुम्ही आणि कार्ल्सबर्गने मिळून स्कॉटिश अँड न्यूकॅसल ही कंपनी विकत घेऊन वाटून घेतली. त्या वाटणीत ब्राउन एल तुमच्याकडे आली, आणि त्याच कंपनीचा भारतातल्या युनायटेड ब्रुअरीजमधला हिस्साही तुमच्याकडे आला. २०२१ पासून किंगफिशर बनवणाऱ्या त्या कंपनीत बहुमत तुमचं आहे. मुंबई-पुण्यात, औरंगाबादेत, पणजीत जो माणूस संध्याकाळी किंगफिशर मागवतो, तो तुमचाच गिऱ्हाईक आहे. गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाशी मालक कसे वागतात, हे त्यालाही कळायला हवं.

मी मूळचा देवगड तालुक्यातला. घरची हापूसची कलमं आहेत. १९९७ च्या सप्टेंबरात एम.एस्सी. करायला न्यूकॅसलला आलो आणि इथलाच होऊन राहिलो. गावाच्या पश्चिमेला, गॅलोगेट या रस्त्यापासून चालत वीस मिनिटांवर भाड्याची खोली घेतली होती. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी पहाटे खिडकी उघडली आणि भाजणीचा वास आला. आईने थालीपिठासाठी धान्यं भाजायला घेतली की घरभर सुटतो, अगदी तसा खमंग, गोडसर. फक्त त्यात उकडल्यासारखा एक ओला पदर होता. मला खरोखर वाटलं की शेजारी कोणीतरी मराठी आहे. दोन घरं सोडून राहणाऱ्या आजोबांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, हा वास कसला? ते म्हणाले, "ब्रुअरी, बॉनी लॅड. दॅट्स द ब्रून." ब्रुअरी म्हणजे बिअरचा कारखाना, आणि ब्रून म्हणजे इथल्या बोलीत ब्राउन.

हे आजोबा वॉल्सेंडच्या गोदीत वेल्डर होते. त्यांच्यामुळे मला ही बिअर कळली. तेव्हा मी ती फारशी पीत नव्हतो आणि आजही महिन्याकाठी एखादीच घेतो. पण ती घ्यायची कशी, हे त्यांनी मला पूजा शिकवावी तसं शिकवलं. बाटली ५५० मिलिलिटरची, पांढऱ्या काचेची. तिच्यासोबत ग्लास मात्र अर्ध्या पाइंटचा, म्हणजे पाव लिटरहून थोडासाच मोठा. मोठा ग्लास मागितला की आपण बाहेरचे, हे लगेच कळतं. चार बोटं ओतायची, ती संपत आली की वरून थोडी घालायची, म्हणजे फेस ताजा राहतो. बाटली समोरच ठेवायची, लेबलावरचा निळा तारा आपल्याकडे करून. गप्पा लांबल्या तरी बिअर मरत नाही. बायकोला सांगून निघताना "जरा कुत्र्याला फिरवून आणतो" म्हणायचं, कारण या बिअरचं लाडकं नावच "डॉग". आजोबांनी आयुष्यात कुत्रा पाळला नव्हता.

तो वास २००५ च्या मे महिन्यात बंद झाला.

बंद होण्याचं सांगण्याआधी ती उभी कशी राहिली ते सांगायला हवं, कारण ते माहीत असतं तर ती इतक्या सहज हलवली गेली नसती असं मला वाटतं. न्यूकॅसल ब्रुअरीज ही कंपनी १८९० मध्ये पाच ब्रुअरी एकत्र येऊन झाली. निळ्या ताऱ्याची पाच टोकं म्हणजे त्या पाच ब्रुअरी. जिम पोर्टर नावाचे ब्रुअर मूळचे बर्टनचे, घराणंच बिअर बनवणाऱ्यांचं, पहिल्या महायुद्धात लढून आलेले. बर्टन म्हणजे जिथली पेल एल एकोणिसाव्या शतकात पिंपांतून मुंबई आणि कलकत्त्याच्या बंदरांत उतरायची ते गाव. पोर्टरसाहेब आर्ची जोन्स या रसायनशास्त्रज्ञासोबत जवळजवळ तीन वर्षं खटपट करत होते. त्यांना बर्टनच्या बास बिअरसारखं काहीतरी हवं होतं आणि हाती आलं ते वेगळंच, म्हणून आपला प्रयत्न फसला असं त्यांना वाटलं होतं, असं इथे सांगतात. ती फसलेली बिअर १९२८ मध्ये लंडनच्या ब्रुअर्स प्रदर्शनात बक्षिसं घेऊन आली.

सुरुवातीला ती आजच्यापेक्षा बरीच कडक होती, मद्यार्क सहा टक्क्यांच्या वर. कोठड्या भरून जातात, जरा सौम्य करा, अशी विनंती पोलिसांनी ब्रुअरीला केल्याची दंतकथा गावात अजून ऐकायला मिळते. नंतर ती ४.७ टक्क्यांवर स्थिरावली. दोन वेगळ्या बिअरी बनवून एकत्र करायच्या, एक गडद आणि जोरकस, दुसरी हलक्या अंगाची, अशी तिची जुनी रीत. खाणीतून वर आलेला, गोदीतून सुटलेला माणूस ही बिअर प्यायचा. १९६० मध्ये न्यूकॅसल ब्रुअरीज आणि एडिंबरातल्या स्कॉटिश ब्रुअर्सची एक कंपनी झाली, तरी ब्राउन एल गॅलोगेटच्या टाईन ब्रुअरीतच बनत राहिली.

आणि ही ब्रुअरी होती कुठे? सेंट जेम्सेस पार्कच्या, म्हणजे न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल संघाच्या मैदानाच्या अगदी शेजारी. सामन्याच्या दिवशी भाजणीच्या त्या वासातून पन्नास पन्नास हजार माणसं मैदानाकडे चालत जायची. १९९५ ते २००० या काळात संघाच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टावर, छातीवर, हाच निळा तारा होता. १९९६ मध्ये दीड कोटी पौंडांना, तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला, ॲलन शिअरर आला तो हाच शर्ट घालून. १९९८ आणि १९९९, लागोपाठ दोन वर्षं आम्ही एफए कप या इंग्लंडच्या मानाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हरलो, दोन्ही वेळा २-०. आजोबा दोन्ही वेळा रडले, मी दुसऱ्या वेळी.

आता माझ्या तक्रारी. यातल्या काही तुमच्या आधीच्या मालकांच्या निर्णयांविषयी आहेत. पण नाव विकत घेतलं की त्या नावाचं देणंही अंगावर येतं, असं मी मानतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार भौगोलिक मानांकनाची. २००० मध्ये युरोपीय संघाने "न्यूकॅसल ब्राउन एल" या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. मराठी वाचकांसाठी सोप्या शब्दांत सांगायचं तर जे संरक्षण आमच्या हापूसला २०१८ मध्ये, गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये मिळालं, त्याच जातीचं. हे नाव लावायचं तर माल याच गावात बनला पाहिजे. हे संरक्षण मागितलं कोणी होतं? कंपनीनेच. पुढे २००४ मध्ये स्कॉटिश अँड न्यूकॅसलने टाईन ब्रुअरी बंद करायचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी बिअर नदीपलीकडे गेट्सहेडमधल्या डन्स्टनला नेली. आता नदीपलीकडचं गाव वेगळं. संरक्षणाच्या अटीप्रमाणे तिथे बनवलेल्या बिअरला हे नाव लावता येईना. तेव्हा कंपनीनेच युरोपीय संघाला कळवलं की आमचं संरक्षण रद्द करा. २००७ मध्ये ते रद्द झालं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वडिलांना फोन केला होता. आमच्याकडे उलटा लढा आहे. बाजारात पेटीवर "देवगड हापूस" छापलेलं असतं आणि आत आंबा भलतीकडचाच. वडील उन्हाळाभर त्यावरून धुमसत असायचे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, पाच जिल्ह्यांतल्या बागायतदारांनी वर्षानुवर्षं खेटे घालून ते मानांकन मिळवलं. कोल्हापुरी चपलेचंही तेच. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा केवढा गहजब झाला. आम्ही नावासाठी भांडतो. इकडे ज्यांच्या हातात नाव आयतं होतं, त्यांनी ते स्वतःहून सोडवून टाकलं, कारण त्या नावाच्या अटी अडचणीच्या झाल्या होत्या. वडील सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "म्हणजे पेटी ठेवली आणि बाग विकली."

दुसरी तक्रार डन्स्टनची, आणि ती इथल्या लोकांनाही आता फारशी आठवत नाही. तिथे जी ब्रुअरी होती ती फेडरेशन ब्रुअरी. १९१९ मध्ये या भागातल्या कामगारांच्या क्लबांनी मिळून ती काढली होती, आपल्या सभासदांना रास्त भावात बिअर मिळावी म्हणून. आपल्याकडच्या सहकारी दूध संघासारखाच प्रकार: मालक क्लब, गिऱ्हाईकही क्लब. पंच्याऐंशी वर्षं ती चालली. २००४ मध्ये स्कॉटिश अँड न्यूकॅसलने ती विकत घेतली आणि ब्राउन एल तिथे नेली. तेव्हा लोकांनी मनाची समजूत घातली: नदी ओलांडली तर ओलांडली, टाईनचंच खोरं आहे, भाषाही तीच. पाच वर्षांत, २०१० मध्ये, तुम्ही तीही बंद केलीत आणि बिअर यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरला, जॉन स्मिथ्सच्या ब्रुअरीत नेलीत. इथून ते दीडशे किलोमीटरच्या आसपास. एका बिअरच्या मागे टाईनकाठच्या दोन ब्रुअरी गेल्या, आणि त्यातली एक तर कामगारांनी पै पै जमवून उभी केलेली होती. टॅडकास्टरच्या कामगारांविषयी माझ्या मनात काही वाकडं नाही. ते चांगली बिअर बनवतात. पण ते जॉन स्मिथ्सचं गाव आहे, त्यांचा अभिमान तिथे आहे आणि तिथेच शोभतो.

टॅडकास्टरची बातमी आली त्या आठवड्यात आजोबांकडे गेलो होतो. गुडघ्यांनी साथ सोडली होती, घरीच असायचे. मी दोन बाटल्या नेल्या. त्यांनी चष्मा चढवला, बाटली फिरवली आणि मागच्या लेबलवरची बारीक अक्षरं एकेक करून वाचली. मग बाटली पुन्हा सरळ केली. ताऱ्यात आमच्या गावाची आकृती आहे ना, पुलासकट, तिच्यावर अंगठा फिरवला. काही बोलले नाहीत. ग्लासात चार बोटं ओतली, नेहमीसारखीच. पुढच्या वर्षी ते गेले. त्यांचा अर्ध्या पाइंटचा ग्लास त्यांच्या मुलीने मला दिला. तो माझ्या देवघराशेजारच्या फळीवर आहे.

तिसरी गोष्ट परदेशातली. दोन हजारनंतरच्या दशकात या बिअरचा अर्ध्याहून जास्त खप एकट्या अमेरिकेत होता. तिथे लोकांना ती आवडली ती याच गावाच्या नावाने. २०१७ मध्ये तुम्ही उत्पादनाचा काही भाग हॉलंडमधल्या झूटरवाउडेच्या तुमच्या मोठ्या ब्रुअरीत नेलात. आणि २०१९ मध्ये अमेरिकेसाठी ती कॅलिफोर्नियाच्या लागुनिटास या तुमच्याच ब्रुअरीकडे सोपवलीत, नव्या पाककृतीसह, वेगळ्या यीस्टसह. तीही वेगळी बिअर म्हणून चांगली असेल. पण गाव वेगळं, पाणी वेगळं, यीस्ट वेगळं, पाककृती वेगळी, मग नाव तेवढं तेच का? हापूसचं कलम गुजरातेत लावलं तरी आंबा येतो, गोडही येतो. त्याला देवगडचा म्हणून विकू नये, एवढंच बागायतदाराचं म्हणणं असतं.

बिअर बदलूच नये, असं मी म्हणत नाही. २०१५ मध्ये तुम्ही रंगासाठी घातलं जाणारं कॅरॅमल काढून त्याऐवजी भाजलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, वापरायला लागलात, ते मला पटलं. रंग धान्यातूनच यावा. भाजणीच्या घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

तुमची बाजूही मला दिसते. ज्यांनी ही बिअर मोठी केली ती पिढी गेली. गोद्या बंद झाल्या, खाणी बंद झाल्या, कामगारांचे क्लब एकामागून एक गेले. तरुण मुलं लागर पितात, किंवा छोट्या ब्रुअऱ्यांच्या, कडवट-सुवासिक हॉपची फुलं भरपूर घातलेल्या गढूळ बिअरी पितात. माझी स्वतःची मुलगी इथे जन्मली, बोलते अस्सल जॉर्डी, म्हणजे इथली बोली, पण ब्राउन एलला "आजोबांची बिअर" म्हणते. गॅलोगेटची ब्रुअरी जुनी झाली होती, जागेला चांगली किंमत होती, क्षमता जास्त आणि मागणी कमी होती. हिशोबाच्या वहीत तो निर्णय बरोबर बसत असेल. ती जागा पुढे महापालिका, विद्यापीठ आणि विकास संस्थेने मिळून घेतली. तिथे आता न्यूकॅसल हीलिक्स नावाचं विज्ञान-संकुल आहे, काचेच्या इमारती आहेत, विद्यापीठाच्या मुलांची वर्दळ असते. त्याबद्दल मला दुःख नाही, उलट मुलं शिकताहेत याचा आनंद आहे. टाईन ब्रुअरी परत उभी करा, असं मी मागत नाही. ती मागणी मूर्खपणाची होईल आणि तुम्हाला पत्र बाजूला ठेवायला कारण मिळेल.

पण खप घटला म्हणून गाव सोडलं, हे कारण मी पुरतं मानत नाही. थोडं उलटंही झालं. न्यूकॅसलमध्ये ब्राउन एल पिणं ही गावाची निष्ठा होती. लोक चवीसाठी प्यायचे तसे आपल्या भिंतीपलीकडे आपल्याच माणसांनी बनवलेली म्हणूनही प्यायचे. पबमध्ये शेजारी बसलेल्याचा भाऊ, मेव्हणा, जावई ब्रुअरीत असायचा. ती बिअर हलल्यावर निष्ठेला धरायला जागाच उरली नाही. २००५ नंतर माझ्या ओळखीच्या किती तरी जणांनी ती मागवणं सोडलं, रागाने नाही, तर आता दुसरी कुठलीही घेतली तरी काय फरक पडतो, म्हणून. तुम्ही ज्याला घटती मागणी म्हणता, त्यातला काही भाग या स्थलांतरांनीच आणलेला आहे.

आणि तुमच्या धंद्यातली ताजी उदाहरणं बघा. मँचेस्टरची बॉडिंग्टन्स. शहरातली तिची स्ट्रेंजवेज ब्रुअरी २००५ मध्ये बंद झाली, पाडली गेली. मालक तुमच्यासारखीच, किंबहुना तुमच्याहून मोठी बहुराष्ट्रीय कंपनी. त्याच कंपनीने २०२५ मध्ये मँचेस्टर भागातल्या जे. डब्ल्यू. लीस या जुन्या, एकाच घराण्याच्या ब्रुअरीशी करार केला आणि पिंपातली बॉडिंग्टन्स पुन्हा तिच्या मुलखात बनू लागली. बर्टनमध्ये आंबवण्याची लाकडी पिंपांची जुनी पद्धत मोडीत निघाली, तेव्हा २०२४ मध्ये कार्ल्सबर्ग मार्स्टन्सने त्यातला एक संच थॉर्नब्रिज या स्वतंत्र ब्रुअरीला दिला, आणि तो आज चालू आहे. म्हणजे मोठ्या कंपनीला असं काही जमतच नाही, हे म्हणता येणार नाही.

आमच्या गावात बिअर बनवणारे हातही आहेत. एक्झिबिशन पार्कमधली पॅलेस ऑफ आर्ट्सची इमारत १९२९ च्या औद्योगिक प्रदर्शनासाठी बांधली गेली होती, ब्राउन एल दोन वर्षांची असताना. तिथे आज वायलम ब्रुअरी आहे. गावातल्याच ऊझबर्नच्या बाजूला आणखी छोट्या ब्रुअऱ्या आहेत. यातल्या कोणाच्या वतीने मी बोलत नाही आणि मला कोणी बोलायला सांगितलेलं नाही. एवढंच म्हणतो की भांडी आहेत, माणसं आहेत, पाणी तर आहेच.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

एक. २०२७ मध्ये, शंभरीच्या वर्षी, न्यूकॅसल ब्राउन एल निदान एकदा न्यूकॅसलच्या हद्दीत बनवा. इथल्या एखाद्या स्वतंत्र ब्रुअरीशी करार करा. एक घाणा निघाला तरी चालेल. शक्य असेल तर जुन्या रीतीने, दोन बिअरी वेगळ्या बनवून मग एकत्र करून. आणि त्या बाटल्या आधी या गावातल्या पबांत आणि उरल्यासुरल्या कामगार क्लबांत पोचवा, मग लंडनला.

दोन. ती बिअर कुठे बनली ते बाटलीच्या पुढच्या बाजूला, निळ्या ताऱ्याच्या खाली, न्यूकॅसल या शब्दाइतक्याच ठळक अक्षरांत छापा. टॅडकास्टर तर टॅडकास्टर, हॉलंड तर हॉलंड, कॅलिफोर्निया तर कॅलिफोर्निया. त्या त्या ठिकाणच्या कामगारांचाही तो हक्क आहे. ही मागणी मान्य करायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही आणि खर्च छपाईच्या एका प्लेटपुरता आहे.

तीन. जिम पोर्टर आणि आर्ची जोन्स यांच्या काळापासूनच्या पाककृतीच्या वह्या, मिश्रणाच्या नोंदी, लेबलं, कामगारांचे फोटो, यातलं जे जे तुमच्याकडे असेल त्याच्या प्रती टाईन अँड वेअरच्या सार्वजनिक अभिलेखागाराला द्या. मूळ कागद तुमच्याकडे ठेवा, हरकत नाही. आमच्या मुलांना ते बघता आले पाहिजेत.

चार. वेगळ्या पाककृतीची बिअर या नावाने विकणं थांबवा, किंवा निदान ती वेगळी आहे हे बाटलीवर सांगा.

पाच. उत्पादनाचा काही भाग कधी काळी इथे कायमचा परत आलाच, तर २००७ मध्ये सोडलेलं भौगोलिक संरक्षण ब्रिटनच्या स्वतंत्र योजनेत पुन्हा मागा. २०२१ पासून ती योजना चालू आहे. या वेळी अर्ज एकट्या कंपनीचा नसावा, गावातल्या ब्रुअरींनाही सोबत घ्यावं, म्हणजे पुढचा मालक आला आणि त्याला अटी अडचणीच्या वाटल्या तर एका सहीने ते रद्द होणार नाही. आमच्या हापूसचं मानांकन कुणा एकट्या व्यापाऱ्याचं नाही, म्हणूनच ते कोणी एकटा विकून टाकू शकत नाही.

यातली दुसरी आणि तिसरी मागणी तुम्ही उद्या मान्य करू शकता. पहिलीसाठी काही महिन्यांची तयारी लागेल, म्हणून पत्र आता लिहिलं आहे.

न्यूकॅसलमधल्या मराठी मंडळींनी, आणि जिथे कुठे हे वाचणारे लोक आहेत त्यांनी, पटलं तर आपापल्या शब्दांत कंपनीला लिहावं. कृपा करून शिवीगाळ नको. ब्रुअरी बंद झाल्या तेव्हा कामगार मान ताठ ठेवून बाहेर पडले होते. त्यांच्या बिअरसाठी लिहिताना आपणही तसंच लिहू या.

संचालक महोदय, उत्तर लेखी द्या. इंग्रजीत द्या, डचमध्ये द्या. होकार असो की नकार, मी ते मराठीत आणून शब्द न् शब्द इथेच प्रसिद्ध करीन.

आपला,
न्यूकॅसलच्या वेस्ट एंडमधला एक रहिवासी, मूळ देवगड